गड आहे, पण सिंह गेला!

आमच्या पणजोबांच्या काळी महाराष्ट्रातल्या नाटकवेड्या घरांचे दोन तट असत. एक बालगंधर्वांचा, दुसरा केशवराव भोसल्यांचा. पंगतीत विषय निघाला, की आमटी निवून जाई, पण वाद निवत नसे. १९२१ साली हे दोघे ‘संयुक्त मानापमाना’त एकाच रंगभूमीवर उभे राहिले, तेव्हा लोकांनी जी गर्दी केली ती नुसती गाणे ऐकायला नव्हे, आपल्या माणसाची सरशी होते की नाही, हे पाहायलाही केली. माणसाला जगताना कुणाची तरी बाजू घ्यावी लागते. ती बाजू बापाकडून मुलाकडे वारसाहक्काने यावी, यासारखी तर गंमत नाही.

ऑस्ट्रेलियात पन्नास-साठ वर्षे असेच दोन तट होते. ते मात्र गवयांचे नव्हते, मोटारींचे होते. एक घर होल्डनचे, दुसरे फोर्डचे. मुलाचे लग्न ठरले, की सून कुठल्या गावची यापेक्षा तिच्या वडिलांच्या दारात कुठली गाडी उभी असते, याची थट्टेने का होईना, चौकशी व्हायची. या दोन तटांचे रणांगण म्हणजे त्या देशातली टूरिंग कारची राष्ट्रीय शर्यतमालिका. आज तिला ‘सुपरकार्स चॅम्पियनशिप’ म्हणतात. तिचे पुढे काय होणार, हा प्रश्न तिथे गेली काही वर्षे वर्तमानपत्रांपासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत सगळीकडे चर्चिला जात आहे.

प्रस्तुत लेखक मराठीचा अधिव्याख्याता. मोटारीतले त्याला कळते ते एवढेच, की पेट्रोल संपले म्हणजे ती थांबते. तरीही हा विषय निवडला, कारण हा प्रश्न इंजिनाचा नाही. ज्या वस्तूवर एका समाजाने जीव लावला ती वस्तूच नाहीशी झाली, तर त्या जीव लावण्याचे काय होते, असा तो प्रश्न आहे. आणि तो आपल्याला परका नाही.

रविवारी जिंका, सोमवारी विका

टूरिंग कार म्हणजे काय, ते आधी सांगतो. फॉर्म्युला वनची गाडी आपण चित्रात पाहिलेली असते. चाके उघडी, बसायला एकटा चालक, अंग माशासारखे. ती गाडी घेऊन कुणी भाजी आणायला जात नाही. टूरिंग कार मात्र आपल्या घरच्या गाडीची थोरली बहीण. चार चाके छपराखाली, दारे, काचा, मागची डिकी, सगळे ओळखीचे. प्रेक्षकाला वाटले पाहिजे, की आत्ता समोरून गर्जत गेली ती आपलीच गाडी. फक्त तिच्या अंगात आले आहे.

या मालिकेचा आरंभ १९६० सालचा. न्यू साउथ वेल्समधल्या ऑरेंज गावाजवळ नू ब्लास नावाच्या रस्त्यावर पहिली ऑस्ट्रेलियन टूरिंग कार चॅम्पियनशिप झाली आणि जॅग्वार चालवणाऱ्या डेव्हिड मॅके यांनी ती जिंकली. तेव्हा अजिंक्यपद एकाच शर्यतीवर ठरे. १९६९ पासून वर्षभर गावोगाव शर्यती होऊन गुणांची बेरीज होऊ लागली. त्याच १९६० साली फिलिप बेटावर पाचशे मैलांची एक वेगळीच शर्यत सुरू झाली. बाजारात मिळते तशीच गाडी आणायची आणि ती दिवसभर पिटाळून कोणती टिकते ते पाहायचे. १९६३ साली ही शर्यत बॅथर्स्ट गावच्या डोंगरावर आली, १९७३ साली हजार किलोमीटरची झाली आणि त्या देशाची जत्राच होऊन बसली.

कारखानदारांना यातला व्यवहार लगेच उमगला. रविवारी जिंकलेली गाडी सोमवारी दुकानात खपते, हे त्या धंद्यातले जुने सूत्र. म्हणून होल्डन आणि फोर्ड या दोघांनी शर्यतीत पैसा ओतला. लोकांनी त्या पैशात आपला अभिमान मिसळला.

सिंहाची जन्मकथा

होल्डन हे नाव मुळात खोगिरांचे. १८५६ साली जेम्स अलेक्झांडर होल्डन यांनी ॲडलेड शहरात घोड्यांची खोगिरे विकण्याचे दुकान काढले. घोड्यांचे दिवस सरले तसे त्यांचे वंशज मोटारींचे सांगाडे बांधू लागले. १९३१ साली अमेरिकेच्या जनरल मोटर्सने तो कारखाना घेतला. २९ नोव्हेंबर १९४८ या दिवशी मेलबर्नजवळ पंतप्रधान बेन चिफली यांच्या हस्ते पहिली ‘होल्डन’ गाडी देशापुढे आली. मालक अमेरिकन, पण गाडी देशात घडलेली, देशाच्या धुळीला आणि खड्ड्यांना टिकणारी. लोकांनी तिला आपली म्हटले. १९५८ साली त्या देशात खपणाऱ्या शंभर गाड्यांत चाळीसांहून अधिक होल्डन होत्या.

तिच्या तोंडावरचे बोधचिन्ह होते सिंहाचे. दगड लोटणारा सिंह. सिंहाला दगड गडगडवताना पाहून आदिमानवाला चाकाची कल्पना सुचली, अशी एक दंतकथा त्यामागे आहे. बॅथर्स्टचा तो डोंगर आणि हा सिंह, दोन्ही एकत्र आले, तेव्हा आपल्याकडच्या माणसाला तानाजी आणि सिंहगड आठवल्याशिवाय कसा राहील?

तो डोंगर म्हणजे माउंट पॅनोरमा. तिथल्या मूळच्या विराजुरी लोकांचे त्याला दिलेले नाव वालू. १९३८ साली सहलीचा रस्ता म्हणून बांधलेला हा वळसा ६.२१३ किलोमीटरांचा. तळ आणि माथा यांत १७४ मीटरांचा फरक, तेवीस वळणे, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला सिमेंटची भिंत. मौज अशी, की हा रस्ता सार्वजनिक आहे. त्याच्या कडेला लोकांची घरे आहेत. एरवी तिथे ताशी साठ किलोमीटरची मर्यादा असते आणि आजीबाई त्याच रस्त्याने बाजाराला जातात. शर्यतीच्या आठवड्यात मात्र गावात माणूस मावत नाही. डोंगराच्या माथ्यावर तंबू पडतात. बाप, मुलगा, नातू असे तीन पिढ्यांचे लोक तिथे आठवडाभर मुक्काम करतात. १६१ फेऱ्या, सहा-सात तासांचा खेळ. मधूनच एखादा कांगारू रस्त्यावर येतो आणि साऱ्या यंत्रशास्त्राची त्रेधा उडवतो.

या डोंगराने लोकांना वीरपुरुष दिले. पीटर ब्रॉक याने ही शर्यत नऊ वेळा जिंकली. १९७९ साली तर तो आणि त्याचा जोडीदार जिम रिचर्ड्स इतरांच्या सहा फेऱ्या पुढे होते. स्वस्थ बसून गाडी नुसती घरी आणली असती तरी चालले असते, पण ब्रॉकने शेवटच्या फेरीत सर्वांत वेगवान फेरीचा विक्रम करून दाखवला. त्याच्या गाडीवरचा ‘०५’ हा आकडा म्हणजे दारू पिऊन गाडी चालवू नका या मोहिमेची खूण होती. २००६ च्या सप्टेंबरात दुसऱ्या एका शर्यतीत तो अपघाताने गेला. त्या वर्षापासून बॅथर्स्टच्या विजेत्याला मिळणारा चषक त्याच्या नावाचा आहे.

ब्रॉक होल्डनचा, तर डिक जॉन्सन फोर्डचा. क्वीन्सलँडच्या या सामान्य स्थितीतल्या गृहस्थाने होते नव्हते ते सारे घालून १९८० च्या शर्यतीसाठी फाल्कन तयार केली. तो सर्वांत पुढे होता. एवढ्यात डोंगरावरून एक दगड गडगडत रस्त्यावर आला. गाडी त्यावर आदळून निकामी झाली. दूरदर्शनच्या कॅमेऱ्यापुढे तो बोलू लागला आणि त्याचा गळा भरून आला. ते पाहून देशभरातून दूरध्वनी सुरू झाले. लोकांनी पैसे देऊ केले. जितके लोक देतील तितकेच आम्ही घालू, असे फोर्डने जाहीर केले. त्या वर्गणीतून नवी गाडी उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी, १९८१ साली, जॉन्सनने राष्ट्रीय अजिंक्यपद आणि बॅथर्स्ट, दोन्ही जिंकले. कुठल्या कारखान्याच्या जाहिरातखात्याला असली कथा रचता आली असती?

यापूर्वीची गंडांतरे

ही मालिका आता बुडणार, असे भाकीत काही आजच झालेले नाही. १९७२ साली सिडनीच्या एका वृत्तपत्राने ओरड केली, की ताशी १६० मैल धावणाऱ्या गाड्या आता कुणीही दुकानातून विकत घेणार आणि रस्त्यावर पोरे मरणार. पुढाऱ्यांनी आवाज चढवला, कारखान्यांनी त्या गाड्या गुंडाळल्या. दुकानातली गाडी जशीच्या तशी शर्यतीत, हा नियमच त्यापायी गेला. पण शर्यत राहिली.

१९९२ साली दुसरे संकट आले. बॅथर्स्टला मुसळधार पाऊस. निस्सान स्कायलाइन ही जपानी गाडी आघाडीवर असताना घसरून आपटली. पण शर्यत थांबवली गेली आणि नियमाप्रमाणे आधीच्या फेरीवरून तीच विजयी ठरली. चालक होते जिम रिचर्ड्स आणि मार्क स्केफ. खाली जमलेल्या जमावाने त्यांची अशी हुर्यो उडवली, की एरवी शांत असलेल्या रिचर्ड्सने व्यासपीठावरूनच जमावाला खरमरीत शब्द सुनावले. लोकांना ती गाडी नको होती. वेगात तिचा हात धरणारे कुणी नव्हते, हाच तिचा गुन्हा. १९९३ पासून नियम बदलले. पाच लिटरांची आठ सिलिंडरांची इंजिने आली आणि खेळ पुन्हा होल्डन विरुद्ध फोर्ड असा झाला.

त्यानंतर १९९७ आणि १९९८ साली आयोजकांत भांडण होऊन बॅथर्स्टला एका वर्षात दोन दोन हजारी शर्यती झाल्या. एकाच गणपतीच्या दोन मिरवणुका! तेही निभावले.

म्हणजे सरकार, पाऊस, भाऊबंदकी या साऱ्यांतून जी मालिका तरली, तिला आता भीती कसली?

गाडीच उरली नाही

भीती ही, की जिच्यासाठी भांडायचे ती गाडीच उरलेली नाही.

ऑस्ट्रेलियात मोटार बनवणे पूर्वी परवडे, कारण बाहेरच्या गाडीवर जबर जकात होती. १९८० च्या दशकात ती साडेसत्तावन्न टक्के होती. उतरत उतरत २०१० साली पाच टक्क्यांवर आली. देश मोठा, पण माणसे थोडी. त्यातच तिथला डॉलर वधारला, मजुरी महाग, सरकारी मदत आटली. शिवाय लोकांची आवड पालटली. मोठ्या ऐसपैस कुटुंबगाड्या सोडून त्यांनी मागे माल टाकायची उघडी जागा असलेल्या ‘यूट’ गाड्या आणि उंच जीपवजा गाड्या घ्यायला सुरुवात केली. ७ ऑक्टोबर २०१६ रोजी फोर्डने तिथला मोटारकारखाना बंद केला. पुढच्या वर्षी ३ ऑक्टोबरला टोयोटाने, आणि २० ऑक्टोबर २०१७ रोजी ॲडलेडच्या एलिझाबेथ उपनगरात होल्डनने. त्या दिवसापासून त्या खंडप्राय देशात घरगुती मोटार बनेनाशी झाली.

तरी होल्डनचे नाव शिल्लक होते. बाहेरून आणलेल्या गाड्यांवर सिंह चिकटवून विकत होते. पण लोकांना सोंग कळते. २०१९ साली शंभर गाड्यांत होल्डन जेमतेम चार उरल्या. १७ फेब्रुवारी २०२० रोजी जनरल मोटर्सने ते नावही मिटवण्याचे जाहीर केले.

वाचकहो, हसू नका. त्याच २०२० सालच्या डिसेंबरात याच जनरल मोटर्सचा आपल्या पुण्याजवळचा तळेगावचा कारखानाही थांबला. २००८ साली तो सुरू झाला होता. आणि कुर्ल्यात घडलेली ती प्रीमियर पद्मिनी? काळ्या-पिवळ्या अंगाने तिने मुंबईच्या चार पिढ्या सासरी, माहेरी आणि इस्पितळात पोहोचवल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शेवटची टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा शहाण्यासुरत्या माणसांनी तिच्याशेजारी उभे राहून छायाचित्रे काढून घेतली. ती गाडी काही वेगवान नव्हती, सुखाची तर नव्हतीच. पण आपली होती.

एकाच अंगाला दोन मुखवटे

आता शर्यतमालिकेने काय केले ते पाहा. होल्डन मेल्यावरही दोन हंगाम तिची कमोडोर धावत राहिली. २०२२ च्या डिसेंबरात ॲडलेडला तिची अखेरची शर्यत झाली. या ॲडलेडच्या शर्यतीचीही एक कथा आहे. २०२० साली राज्य सरकारने ती रद्द केली होती. विरोधी पक्षाने ती परत आणण्याचे वचन दिले, २०२२ च्या मार्चमध्ये तो निवडून आला आणि शर्यत खरोखरच परतली. ज्या शहरात खोगिरांचे दुकान निघाले, त्याच शहरात सिंहाने अखेरची धाव घेतली.

२०२३ पासून नव्या गाड्या आल्या. एका बाजूला फोर्डची मस्टँग, दुसरीकडे शेव्हरोलेची कॅमॅरो. दोन्ही अमेरिकन. आतला पोलादी सांगाडा दोघींचा सारखा, बरेचसे सुटे भागही सारखे. इंजिन आणि वरचे कवच तेवढे निराळे. आमच्या कोकणात दशावतारात एकच नट आधी एका देवाचे आणि मग दुसऱ्याचे सोंग घेतो, तशातला हा प्रकार. असे करण्याला कारण आहे. खर्च आटोक्यात राहावा आणि लहान संघांनाही उतरता यावे. पण सांगाडा सारखा म्हटल्यावर भांडण कवचावरून सुरू झाले. २०२३ चा सबंध हंगाम फोर्डवाले कुरकुरत होते, की आमच्या गाडीला वारा जास्त अडतो. अखेर दोन्ही गाड्या अमेरिकेतल्या वाऱ्याच्या बोगद्यात नेऊन तपासाव्या लागल्या.

पुढची थट्टा तर दैवाने केली. २०२४ च्या मॉडेलनंतर अमेरिकेत कॅमॅरोचे उत्पादनच थांबले. म्हणजे कारखान्यात जी बनत नाही, दुकानात जी मिळत नाही, अशी गाडी रविवारी जिंकते आहे. सोमवारी विकायचे काय?

आपल्याकडे खेड-जुन्नर-आंबेगावच्या घाटांत बैलगाडा शर्यती होतात. तिथे बारी जिंकणाऱ्या बैलाला गुलालाने माखून गावातून मिरवतात, कारण तो गोठ्यातला असतो. त्याला घरच्या पोरीने पाणी पाजलेले असते. समजा, उद्या कुणी म्हणाले, की बैल पाळणे परवडत नाही, आपण परगावाहून सारख्याच मापाचे बैल भाड्याने आणू आणि झूल फक्त आपापल्या गावाची घालू. शर्यत होईल. चुरसही होईल. गुलाल मात्र कुणाच्या अंगावर उधळायचा?

मेलबर्नचे शेजारी

माझा धाकटा मेहुणा मेलबर्नला असतो. दोन वर्षांपूर्वी त्याच्याकडे गेलो असता शेजारच्या आजोबांची ओळख झाली. त्यांच्या गॅरेजमध्ये एक तांबडी कमोडोर झाकून ठेवलेली. आठवड्यातून एकदा ते तिचे इंजिन चालू करतात, पाच मिनिटे ऐकतात आणि बंद करतात. “भाऊजी, आपल्याकडे संध्याकाळी तानपुरा लावून बसतात ना, तसे आहे हे,” मेहुणा म्हणाला.

आजोबांचे म्हणणे असे, की ते अजूनही शर्यत पाहतात, पण आता गाडीसाठी नव्हे, चालकासाठी. त्यांचा मुलगा विजेवरची गाडी चालवतो. नातवाला मेलबर्नच्या अल्बर्ट पार्कात येणाऱ्या फॉर्म्युला वनचे सारे चालक पाठ. घरच्या मालिकेतले दोन-तीन. त्याला दोष तरी कसा द्यावा? २०१५ पासून बहुतेक शर्यती पैसे भरून पाहायच्या वाहिनीवर गेल्या. जी गोष्ट घरातल्या बैठकीत आपोआप दिसत होती, ती मागून घ्यावी लागू लागली. मागून घेतलेल्या गोष्टीची सवय लागत नाही.

हे ऐकताना मला माझा वर्ग आठवला. मराठी विशेष विषय घेणारी मुले आमच्या महाविद्यालयात वर्षागणिक कमी होत आहेत. त्यांत हुशार मुले नाहीत असे नाही. पण ज्यांच्या घरी कपाटात पुस्तके होती आणि रात्री कुणी तरी मोठ्याने वाचत होते, अशी मुले विरळ झाली. आवड शिकवता येते. ओढ घरातूनच यावी लागते. त्या आजोबांची आणि माझी भाषा वेगळी, चिंता एकच.

पुढे काय?

या मालिकेचा जीव कशात आहे, यावर तिचे भवितव्य ठरेल. तो कारखान्यात असेल, तर ती फार दिवसांची सोबती नाही. अमेरिकेतल्या कचेरीतून एक पत्र आले, की एक बाजू रिकामी होते. २०२४ सालीच ट्रिपल एट या सर्वांत यशस्वी संघाने जनरल मोटर्सची साथ सोडून २०२६ पासून फोर्डकडे जाण्याचे जाहीर केले. पक्षांतर केवळ राजकारणात होते असे नाही. पेट्रोलची गाडी हीच जर उद्या जुनी गोष्ट ठरली, तर आठ सिलिंडरांच्या गर्जनेवर बेतलेला खेळ काय करणार, हा प्रश्न निराळाच. २००९ साली त्यांनी पंच्याऐंशी टक्के इथेनॉलचे इंधन वापरायला सुरुवात केली होती. पण आवाज तोच ठेवला. लोक आवाजाला येतात, हे त्यांना ठाऊक आहे.

परंतु जीव त्या डोंगरात असेल, तर गोष्ट वेगळी आहे. १९३२ साली मराठी बोलपट आला आणि पाहता पाहता मोठमोठ्या नाटक मंडळ्यांचे तंबू उठले. संगीत नाटक संपले, असे तेव्हाही सांगितले गेले. मंडळ्या गेल्या हे खरे; तो थाट, ते शालू, ती अत्तरे परत आली नाहीत. पण पदे उरली. ती मैफलींत गेली, हौशी संस्थांत गेली, गावोगावच्या गणेशोत्सवांत गेली. पूर्वीइतके वैभव नाही. तरी आजही एखादी मुलगी पेटी पुढ्यात ओढून नाट्यगीत म्हणते, तेव्हा तिला मंडळीच्या मालकाचे नाव ठाऊक असण्याची गरज पडत नाही. बॅथर्स्टच्या माथ्यावरचे तंबू अजून पडतात. ते पडायचे थांबले, तर मात्र खरी काळजी.

आणि एक परीक्षा तर समोरच आहे. २०२६ च्या हंगामापासून टोयोटाने आपली सुप्रा घेऊन या मालिकेत उतरण्याचे ठरवले. टोयोटा जपानी खरी, पण २०१७ पर्यंत मेलबर्नजवळच्या आल्टोना इथे तिचा कारखाना होता, तिथल्या हजारो घरांची चूल त्यावर पेटत होती, आणि आज त्या देशातल्या दारांपुढे पाहावे तिकडे तिच्याच गाड्या दिसतात. १९९२ साली ज्या डोंगराने एका जपानी गाडीची हुर्यो उडवली, त्याच डोंगरावर दुसऱ्या जपानी गाडीला लोक काय म्हणतात, हे पाहण्यासारखे आहे. कुणी हुर्यो उडवली, तर समजावे की जुना तट अजून जिवंत आहे. कुणी टाळ्या वाजवल्या, तर नवा तट जन्मला. लोकांनी यांपैकी काहीच केले नाही, गाडी समोरून गेली आणि माणसे गप्प बसून राहिली, तर मात्र पुढच्या हंगामाचे वेळापत्रक कुणी छापले काय आणि न छापले काय, सारखेच.